कोणत्या पोर्तुगालने दिला?

समान नागरी कायद्याचा वाद तिकडे भारतात पेटला की फोंड्याहून आतेभावाचा निरोप येथे लिस्बनमध्ये मला हमखास येतो : ‘तुमच्या पोर्तुगिजांनी गोव्याला केव्हाच दिला बघ.’ त्यातले ‘तुमच्या’ मला झोंबतेच, पण ‘दिला’ त्याहून अधिक झोंबते.

कोणत्या पोर्तुगालने दिला? १८६७ ची मूळ पोर्तुगीज नागरी संहिता राजेशाहीतली, हे मान्य. परंतु त्याच राजेशाहीने १८८० साली गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींचे वेगळे फर्मान काढले आणि पत्नीला ठरावीक वयापर्यंत मूल झाले नाही तर नवऱ्याला दुसरे लग्न करण्याची मुभा ठेवली. घटस्फोटाचा कायदा आला ३ नोव्हेंबर १९१० रोजी आणि विवाहाला दिवाणी करार ठरवणारा त्याच वर्षी २५ डिसेंबरला, म्हणजे राजाला देशाबाहेर घालवल्यानंतर तीन महिन्यांच्या आत.

आणि तो गेला कसा, हेही आतेभावाने ऐकावे. मी कामावर जातो तो चौक जुन्या लोकांच्या तोंडी अजून रोटुंडाच आहे. ४ ऑक्टोबरला राजेशाही उलथवण्याचा बेत फसला असे समजून उठावातले बहुतेक अधिकारी येथून निघून गेले, अॅडमिरल कांदिदु दुश रैश यांनी तर स्वतःचा जीव घेतला. मागे उरला नौदलाचा अधिकारी माशादु सांतुश, थोडे सैनिक आणि बंदुका घेतलेले सामान्य लोक. तिकडे नदीतून युद्धनौका राजवाड्यावर तोफा डागत होत्या. ५ तारखेच्या सकाळी परदेशी नागरिकांना बाहेर काढण्यासाठी जर्मन वकिलातीचा माणूस पांढरे निशाण घेऊन निघाला, ते पाहून सरकार शरण आले अशी लोकांची समजूत झाली आणि रस्ते माणसांनी भरून गेले. त्या गर्दीवर गोळी कोण चालवणार? नगरपालिकेच्या सज्जातून प्रजासत्ताक जाहीर झाले आणि वीस वर्षांचा राजा मानुएल एरिसेइराच्या किनाऱ्यावरून आई व आजीसह बोटीने जिब्राल्टरला गेला.

पुढच्या एप्रिलमध्ये धर्म आणि राज्य यांची फारकत झाली, कॅथलिक धर्म राजधर्म उरला नाही आणि माझ्या पणजोबांच्या पिढीतल्या हिंदूंना सरकारी कचेरीत ताठ मानेने शिरता आले. तिकडच्या चर्चेत हे कोणी सांगत नाही. सांगायला अभ्यास लागतो. (येथे ५ ऑक्टोबरची सुट्टी सरकारने काढून घेतली, तेव्हा ती परत मिळेपर्यंत लोक कुरकुरत राहिले.) मात्र त्याच प्रजासत्ताकाने गोवा सोडला नाही, आणि १९११ मध्ये एका विधवा डॉक्टरबाईंनी कुटुंबप्रमुख म्हणून मत दिले, तर १९१३ च्या कायद्यात मतदार पुरुषच असावा असे स्पष्ट लिहून टाकले, हे मी आतेभावाला आजवर सांगितलेले नाही.

तसे आणखीही एक सांगितलेले नाही. माझे पारपत्र आजोबांच्या जन्मनोंदीवर मिळाले आहे. ती नोंद याच प्रजासत्ताकाच्या वहीतली, आणि आजोबा मात्र १९६१ नंतर जन्मभर त्या राजवटीचे नाव काढले की उठून जात. काल रात्री उत्तर लिहिताना ‘आमच्या क्रांतीने’ असे लिहून गेलो. ‘आमच्या’ खोडले, ‘त्यांच्या’ लिहिले, तेही खोडले. शेवटी नुसती तारीख पाठवली : ५ ऑक्टोबर १९१०.