बी-१२ च्या गोळीतलं सायनाइड

व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक मजकूर नव्याने फिरायला लागतो. त्याचा गोषवारा असा: बी-१२ च्या स्वस्त गोळ्यांत सायनोकोबालामिन असतं आणि त्यात सायनाइड हे विष आहे, हे जीवनसत्त्व कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं, कृत्रिम, खरं नैसर्गिक रूप मिथाइलकोबालामिन, ते शरीर जसंच्या तसं वापरतं, आणि स्पिरुलिना घेतली तर गोळीची गरजच नाही. चारही मुद्दे ठामपणे मांडलेले असतात. पहिला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून बाकीचे तीन त्याच्या आडोशाने खपून जातात.

तर, सायनाइड आहे. ते कुणी लपवलेलं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल फोकर्स या रसायनशास्त्रज्ञाच्या गटाने बी-१२ चे लाल स्फटिक मिळवले आणि १९४८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तसं जाहीर केलं. त्यात कोबाल्ट असल्याचंही त्याच वर्षी छापून आलं. कोबाल्टला सायनाइडचा गट जोडलेला आहे, हे याच गटाने १९५० मध्ये, त्याच नियतकालिकात लिहिलं. पंचाहत्तर वर्षं छापील असलेली गोष्ट ‘डॉक्टर तुम्हाला सांगणार नाहीत’ म्हणून पाठवली जाते, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण त्या शोधनिबंधांमध्ये पुढचंही आहे. बी-१२ वर हायड्रोजनची प्रक्रिया केली की सायनाइड नसलेला दुसरा लाल पदार्थ मिळतो. त्याला तेव्हा बी-१२ए म्हटलं गेलं, आज आपण हायड्रॉक्सोकोबालामिन म्हणतो. त्याच्या द्रावणात सायनाइड घातलं, की तो पुन्हा बी-१२, म्हणजे सायनोकोबालामिन, होतो. कोबाल्ट सायनाइडला किती आवडीने आणि किती घट्ट धरतो, ते यातून दिसतं. आणि याच गुणावर आज एक औषध उभं आहे. आगीच्या धुरातून सायनाइडची विषबाधा झालेल्या रुग्णाला ५ ग्रॅम हायड्रॉक्सोकोबालामिन शिरेतून देतात. अमेरिकेत त्याला २००६ मध्ये मंजुरी मिळाली. ते रक्तातलं सायनाइड पकडतं, त्याचं सायनोकोबालामिन होतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी चक्क लाल होते. म्हणजे ज्या रेणूला फॉरवर्डवाले विष म्हणतात, त्याच रेणूत बांधून खरं विष शरीराबाहेर काढलं जातं.

आता मात्रा पाहू. सायनोकोबालामिनच्या रेणूचं वजन सुमारे १३५५, त्यातला सायनाइडचा वाटा २६. दोन टक्क्यांहून किंचित कमी. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीत सायनाइड भरतं जेमतेम १९ मायक्रोग्रॅम. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने एका दिवसासाठी ठरवलेली सुरक्षित मर्यादा शरीराच्या दर किलोमागे २० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२००. शिवाय एवढ्या मोठ्या गोळीतलं एखादा टक्का जीवनसत्त्वच रक्तात शोषलं जातं. जो काही सायनाइड सुटतो त्याला गंधक जोडून शरीर थायोसायनेट बनवतं आणि बाहेर टाकतं. तुलनाच हवी असेल तर कच्च्या जवसाच्या एका ग्रॅममधून शंभर मायक्रोग्रॅमहून जास्त सायनाइड सुटू शकतं, आणि त्या जवसाची चटणी आपण पिढ्यानपिढ्या खातोय. भाजल्यावर ते बरंच कमी होतं, हेही सांगायला हवं.

एक अपवाद नोंदवतो. लेबर नावाच्या आनुवंशिक दृष्टिविकारात सायनोकोबालामिन टाळतात आणि हायड्रॉक्सोकोबालामिन देतात. त्या रुग्णांना त्यांचे डॉक्टर हे सांगतातच. त्यावरून सगळ्यांना घाबरवण्यात अर्थ नाही.

‘कृत्रिम’ हा मुद्दा बी-१२ च्या बाबतीत तर उलटाच पडतो. हा रेणू प्रयोगशाळेत पायरीपायरीने बांधता येतो, हे वुडवर्ड आणि एशेनमोझर या रसायनशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. त्यासाठी सुमारे शंभर संशोधकांनी दहा वर्षांहून अधिक काळ खपून काम केलं. इतक्या खटाटोपाने गोळी कोण विकेल? बाजारातलं बी-१२ जिवाणूंकडून, आंबवून मिळवतात. फोकर्स यांच्या गटाला १९४८ मध्येच ते स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या जिवाणूच्या वाढीतही सापडलं होतं.

बी-६ आणि पँटोथेनिक आम्ल (बी-५) ही जीवनसत्त्वं मात्र खरोखर रासायनिक पद्धतीने बनतात, आणि दोन्हींच्या संश्लेषणात फोकर्स यांचा हाच गट आघाडीवर होता. तिथे रेणू तोच असतो. पँटोथेनिक आम्लाचे आरशातल्या प्रतिबिंबासारखे दोन प्रकार तयार होतात आणि त्यांतला एकच शरीराला चालतो. म्हणून औषधात तेवढाच वापरतात. कृत्रिम म्हणजे आपोआप निकृष्ट असं नाही, पण काळजी घ्यावी लागते, एवढंच यातून निघतं.

मिथाइलकोबालामिनबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पेशीत एक प्रथिन सायनाइडचा गट जसा काढून टाकतं, तसाच मिथाइलचाही. मग पेशी आपल्या गरजेचं रूप स्वतः बनवते. त्यातही गंमत अशी, की बाजारातलं मिथाइलकोबालामिन बहुधा सायनोकोबालामिनपासूनच तयार करतात, आणि ते उजेडात लवकर विघटित होतं. महागडी बाटली घेणाऱ्याने घ्यावी. पण ‘थेट वापर’ हे कारण सांगू नये.

स्पिरुलिनाचा मुद्दा मला सर्वात काळजीचा वाटतो, कारण इथे नुकसान होतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांच्या. फॉरवर्ड वाचणारे आणि पुढे ढकलणारे मुख्यतः हेच. आणि स्पिरुलिनात असतं ते प्रामुख्याने छद्म बी-१२. कोबाल्टच्या खालच्या बाजूला जो घटक हवा त्याऐवजी त्यात अ‍ॅडेनिन बसलेलं असतं, आणि माणसाच्या शरीराला ते जवळपास निरुपयोगी आहे. मग डब्यांवर बी-१२ चे भरघोस आकडे येतात कुठून? जुन्या पद्धतीत लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची वाढ पाहून जीवनसत्त्व मोजत असत. त्या जिवाणूंना छद्म रेणूही चालतो.