शेवट माहीत असला म्हणून काय झालं?

ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातल्या आमच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. म्हणणं असं: सस्पेन्स पिक्चर म्हणजे दिवाळीचा फटाका, फुटला की नुसता कागद. शेवट लपवणं एवढंच त्यातलं कसब. जुने इंग्रजी तर फार संथ. आणि खेड्यातल्या माणसाला ते झेपतच नाहीत, त्याला गाणी अन् मारामारी लागते.

आधी त्या लपवण्याचं बघू. सस्पेन्स पिक्चरचा उस्ताद दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोशी बोलताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच दाखवलं, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही पंधरा मिनिटं जीव टांगून ठेवतात. आमच्याकडे बॉम्ब कशाला पाहिजे? शेतीची लाईन रात्री येते. माणूस बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला निघालाय, गुणगुणतोय. धुऱ्यावरच्या ओल्या चिखलात वाघाचे ताजे पंजे आपण पाहिलेत, त्यानं नाही. वाघ न दाखवताही आपला घाम निघतो. भीती जन्मते ती आपल्याला माहीत आहे आणि त्याला नाही, यातून.

म्हणून तर हिचकॉकच्याच 'व्हर्टिगो'त (1958) शेवटाच्या बऱ्याच आधी गुपित प्रेक्षकाच्या हाती देऊन टाकलंय. अंधारात राहतो तो फक्त नायक. निशिकांत कामतच्या हिंदी 'दृश्यम'मध्ये (2015) कोण मेलं, कोणाच्या हातून मेलं, सगळं आपल्या डोळ्यांदेखत होतं. तरी पोलीस त्या धाकट्या पोरीला विचारायला लागले की आपलेच हात गार पडतात. टीव्हीवर लागला की लोक पुन्हा बसतातच ना?

मजकूरवाल्याचा एक मुद्दा मात्र मी मानतो. 'सायको'च्या (1960) वेळी हिचकॉकनं उशिरा येणाऱ्याला आत सोडू नका, शेवट कोणाला सांगू नका, असा आग्रह धरला होता. खरंय, पहिल्या पाहण्याची मजा वेगळीच. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी इथेच थांबून आधी पिक्चर बघावा, मी काही रागावत नाही.) पण दुसऱ्यांदा बघा. मोटेलवाला पोरगा आईबद्दल जे जे बोलतो, त्या प्रत्येक वाक्याचा अर्थ पालटलेला असतो. पहिल्यांदा त्याची कीव येते, दुसऱ्यांदा त्याच वाक्यावर अंगावर काटा येतो.

संथपणाबद्दल फार बोलत नाही. 'सायको'तल्या न्हाणीघरातल्या त्या एका खुनाचं चित्रण 7 दिवस चाललं होतं, सत्तरहून अधिक ठिकाणी कॅमेरा लावून. संथ वाटतं ते त्याआधीचं, आणि ते नसतं तर आपण खून होणाऱ्या त्या बाईच्या चोरीत, तिच्या 40,000 डॉलरांत एवढे गुंतलोच नसतो.

राहिला खेड्यातला माणूस. हे कोणी लिहिलं असेल त्यानं मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांच्या दिवसांत आमच्या या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, एक रात्र काढावी. कडाक्याच्या थंडीत, चादरी पांघरून, पहाटेपर्यंत नाटक बघणारे लोक आहेत हे. गाणी असतात, विनोदी पात्रही असतं, पण नायिकेच्या घरात कोण शिरलंय हे मागच्या बाकावरून ओरडून सांगणारेही तेच.

मागच्या हिवाळ्यात आमच्या अंगणात पांढरी चादर बांधून 'सायको' लावला होता. इंग्रजी समजणारे दोघं-तिघं. खून झाल्यावर पोरगा बाईची कार दलदलीत ढकलतो. कार बुडता बुडता मधेच थांबते. अंगणात चिडीचूप. तेवढ्यात आमचे थोरले काका, ज्यांना त्या खुन्याची चीड यायला हवी होती, दबक्या आवाजात म्हणाले, "बुड ना बे, बुड!"

कार बुडाली. काकांनी इकडेतिकडे बघून घेतलं अन् विडी पेटवली.