शून्य म्हणजे कितीही थांब

फोंड्यातल्या एका होलसेल दुकानाचा डेटाबेस मी सांभाळतो आणि चतुर्थी जवळ आली की रात्रीची स्टॉकची स्क्रिप्ट माझ्या मुळावर उठते. आधीच्या माणसाने लिहून ठेवलेली, पोस्टग्रेसवर (हा आमचा डेटाबेस) पीएसक्यूएलने, म्हणजे त्याला हुकूम पोचवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालणारी. जुना स्टॉक डिलीट, नवीन इन्सर्ट, शेवटी स्क्रीनवर "काम फत्ते". बस्स.

आता पोस्टग्रेस पडला एकदम सुशेगात. स्टेटमेंट टाइमआउट, म्हणजे एका हुकुमाला किती वेळ द्यायचा ती मर्यादा, मुळातच ०, लॉक टाइमआउट, म्हणजे लॉक सुटायची वाट किती पाहायची ती मर्यादा, तीही ०, आणि ० म्हणजे कितीही थांब, घाई कोणाला आहे! काउंटरवरचं पोर नारळाचं बिल अर्धवट उघडं टाकून घरी जातं, टेबलातल्या त्या एका ओळीवर लॉक बसतं (म्हणजे दुसऱ्याला ती बदलता येत नाही), आणि आमचं डिलीट सकाळपर्यंत तिच्या दारात उभं. शेठ म्हणाले, "रे, लटकत ठेवू नको त्याला." म्हणून ५ मिनिटांचा स्टेटमेंट टाइमआउट लावला.

दुसऱ्या दिवशी स्टॉक डबल! नारळ डबल, सुपाऱ्या डबल, अगरबत्त्यासुद्धा. शेठ खूश, मला घाम. झालं असं की ५ मिनिटांनी डिलीट रद्द झालं, पीएसक्यूएलने एररची एक ओळ छापली आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढचं इन्सर्ट चालवलं, टेबलला युनिक की, म्हणजे तीच ओळ दुसऱ्यांदा घुसू न देणारी अट, नाही (ते दुखणं वेगळंच), आणि वर एक्झिट कोड, म्हणजे काम संपताना प्रोग्रॅम देतो तो निकालाचा आकडा, ०, म्हणजे सगळं आलबेल. एवढा निर्लज्ज खोटारडेपणा आमच्या शेजारच्या पात्रांवलाही (साहेबालाही) जमत नाही.

मग एरर आली की तिथेच थांबवणारं ऑन एरर स्टॉप लावलं, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातलं, म्हणजे एक फसलं की सगळंच मागे. आता एरर आली तर एक्झिट कोड ३ येतो, मधेच कनेक्शन तुटलं तर २, जे पावसात लाइट गेली की व्हायचंच, आणि ० आल्याशिवाय "काम फत्ते" छापायचंच नाही. लॉक टाइमआउट मुद्दाम ३० सेकंद, स्टेटमेंटवाल्यापेक्षा बराच कमी, म्हणजे लॉगमध्ये कळतं की कोणीतरी वाट अडवली की क्वेरीच मंद आहे. ३ आला तर थोडं थांबून परत ट्राय, तेही मोजकेच वेळा, नाहीतर एररच्या मेलनी इनबॉक्स भरतो.

पण मुळातला चोर ते उघडं बिलच ना! त्याच्यासाठी पोस्टग्रेस ९.६ पासून वेगळा टाइमआउट आहे, ट्रान्झॅक्शन उघडून नुसतं बसून राहिलेलं सेशन तोडणारा. तोही अर्थात ०. तो १० मिनिटांवर आणला. आता पोर चहा-भजी खाऊन परत येतं आणि ओरडतं, "दादा, माझं बिल कोणी मारलं?" मी सांगतो, शेठना विचार.