हात धुण्यावरून गोळ्या बंद करू नका

"तीन दिवस झाले, गोळ्या दिल्याच नाहीत मी," आत्या फोनवर म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला. आत्येभावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे भास आणि संशय यांचा मानसिक आजार. क्लोझापिन या गोळीवर तो कुठे माणसांत आला होता. पण हल्ली तासतासभर हात धुतो. सोलापुरात चार-पाच दिवसांआड पाणी, त्यात आत्याची पिंपं रिकामी होतात. ती वैतागली होती. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आला : "सारखे हात धुणे ही वेडाची पहिली पायरी. मेंदूच्या गोळ्यांनीच हे होते. गोळ्या थांबवा, महिनाभर देवस्थानात ठेवा."

गोळ्या थांबवा! अहो, क्लोझापिनमध्ये दोन दिवसांहून जास्त खंड पडला की आधीचा डोस तसाच देता येत नाही. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावं लागतं. एकदम तोडलं तर भास आणि संशय उसळून परत येऊ शकतात. इतर औषधांना दाद न देणाऱ्या आजारातच बहुधा हे औषध देतात, म्हणजे त्याच्या जागी दुसरं काही सहज मिळत नाही.

हो, क्लोझापिनने काहींमध्ये ओसीडीची (नको असलेले विचार सारखे येणं, तीच कृती पुन्हा पुन्हा करावीशी वाटणं) लक्षणं सुरू होतात किंवा वाढतात, हे खरं आहे. पण त्यावर उपाय आहेत : डोस थोडा उतरवणं, ॲरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधाची जोड देणं, ओसीडीचं औषध, वर्तनोपचार. तेही डॉक्टरांनीच ठरवायचं. ओसीडीवरचीच फ्लुवोक्सामिन क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण कित्येक पटींनी वाढवू शकते. मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची ही गोळी नव्हे.

"गोळ्यांनीच होते" हे तर साफ खोटं. स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्या आल्या १९५०च्या दशकात. स्किझोफ्रेनिया आणि ओसीडी एकाच माणसात दिसल्याच्या नोंदी त्याआधीच्या आहेत. 'स्किझोफ्रेनिया बुलेटिन' या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी छापून आली. तिच्यात स्किझोफ्रेनियाच्या सुमारे १२ टक्के रुग्णांना ओसीडीही आढळला.

आणि "पहिली पायरी"? ओसीडी असलेल्या बहुतेकांना स्किझोफ्रेनिया कधीच होत नाही.

सिद्धेश्वराला मीही जातो. दर्शन घ्या, गोळ्याही घ्या.

आत्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं. जाताना त्याला एवढंच विचारायला सांगितलं, हात का धुतोस? "जास्त होतंय हे कळतं, पण थांबवता येत नाही," म्हणाला तर ते बहुधा ओसीडीचं. "नळात कुणीतरी विष घातलंय," अशी खात्रीच असेल तर ते वेगळं, बहुधा स्किझोफ्रेनियाचं. जे म्हणेल ते त्याच्याच शब्दांत डॉक्टरांना सांग, म्हटलं. ज्यांना लगेच डॉक्टर गाठता येत नाही त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करावा.