बड फॉस्टरच्या डब्यात पोळीभाजी नव्हती

सोमवारी सकाळी ताईचा मेसेज आला. तोच तिनं आदल्या रात्री आपल्या मुलाला पाठवला होता. माझा भाचा सहा वर्षं एका कंपनीत एकाच पदावर अडकलाय. आता दुसरीकडून ऑफर आलीय आणि घरात रोज त्यावरून खडाजंगी चालू आहे. त्या भांडणात ताईला हा मेसेज सापडला:

"अमेरिकेतला फुटबॉल कोच बड फॉस्टर. 33 वर्षं एकाच ठिकाणी, एकाच पदावर! कधी बढती मागितली नाही, कधी पगारवाढ मागितली नाही. साहेब बदलले, निष्ठा बदलली नाही. आईनं दिलेला पत्र्याचा डबा घेऊन रोज कामावर जायचा. म्हणून त्याच्या संघानं देशाचं विजेतेपद पटकावलं. आणि आजची मुलं? दोन वर्षांत नोकरी बदलतात!"

खाली ताईनं विचारलं होतं, "हा तुझ्याच कॉलेजचा ना रे?"

हो, माझ्याच. 2005 ते 2007 मी ब्लॅक्सबर्गला व्हर्जिनिया टेकमध्ये शिकत होतो. 2006च्या हंगामात लेन स्टेडियममधला एकही सामना मी चुकवला नाही. विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये कुणी बसत नाही, चारचार तास उभ्यानंच सामना बघायचा. मैदानाच्या कडेला घसा फोडून ओरडणारा तो माणूस मी पाहिलाय, म्हणून हा मेसेज वाचून माझं डोकं फिरलं. त्याच्या नावावर कुणी तरुण पोरांना गप्प बसवत असेल तर मी गप्प बसणार नाही.

आधी खेळाबद्दल दोन वाक्यं. हा पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं आणि समोरच्या अकरा जणांनी त्यांना रोखायचं असतं. त्या रोखणाऱ्या अकरा जणांची सगळी आखणी फॉस्टरकडे होती. त्याला डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणतात. मुख्य प्रशिक्षक वेगळा.

"एकाच पदावर" हे साफ खोटं आहे. विद्यापीठानं प्रसिद्ध केलेला त्याचा परिचय एकदा वाचला असता तरी पुरे होतं. 1987 मध्ये तो लाइनबॅकर्सचा, म्हणजे बचाव फळीतल्या एका गटाचा, प्रशिक्षक म्हणून आला, 1995 मध्ये रॉड शार्पलेसबरोबर संयुक्त कोऑर्डिनेटर झाला आणि 1996 पासून ती जबाबदारी त्याची एकट्याची झाली. 2006 मध्ये त्याला ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला, म्हणजे त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम सहायक प्रशिक्षक. त्या हंगामात आमच्या संघावर सामन्यामागे सरासरी फक्त 11 गुण झाले. 33 हंगाम एका विद्यापीठात काढले एवढं खरं, पण एक विद्यापीठ म्हणजे एक खुर्ची नव्हे.

"पगारवाढ मागितली नाही" हे तर मेसेज लिहिणाऱ्यानं मनानंच घातलंय. व्हर्जिनिया टेक हे राज्याचं विद्यापीठ, तिथल्या प्रशिक्षकांचे करार जगजाहीर असतात. फॉस्टरला इतर ठिकाणांहून मागणी होती. तो जाऊ नये म्हणून, अमुक वर्षापर्यंत थांबलास तर वेगळी मोठी रक्कम मिळेल, अशी तरतूद त्याच्या करारात केलेली होती. तो राहिला, कारण त्यानं राहावं म्हणून समोरच्यांनी खिशात हात घातला. मुख्य प्रशिक्षक व्हायला आवडेल, हेही तो उघड बोलत असे. इच्छा गिळून मान खाली घालणारा माणूस या करिअरमध्ये मला कुठे दिसत नाही.

आता डबा. सगळ्यात जास्त चीड मला याच गोष्टीची आली.

हा डबा फॉस्टरच्या आईनं दिलेला नव्हता. तो मिळवून दिला शार्पलेसच्या सासूबाईंनी. कोळशाच्या खाणीत उतरताना कामगार नेतात तसा, पोचे पडलेला, कडा झिजलेला पत्र्याचा डबा. त्यात कुणाचं जेवण नसायचं. बचाव फळीनं हंगामासाठी ठरवलेली ध्येयं कागदावर लिहून आत ठेवलेली असायची, आणि ज्या खेळाडूनं जीव तोडून मेहनत केली त्याच्याकडे तो डबा द्यायचा. कोरी मूर असो की नंतरचा कॅम चॅन्सेलर, या फळीत खेळलेल्या प्रत्येकाला त्या डब्याचा अर्थ ठाऊक होता. तो प्रशिक्षकाच्या साधेपणाचा देखावा नव्हता, पोरांनी कमवायची वस्तू होती.

आणि खाणकामगारांचा डबा "काही मागू नका" हे शिकवायला वापरायचा? ब्लॅक्सबर्गच्या पश्चिमेला त्याच नैऋत्य व्हर्जिनियात कोळशाच्या खाणी आहेत. एप्रिल 1989 मध्ये तिथे पिट्सटन कंपनीच्या कामगारांनी संप केला. फॉस्टर तेव्हा व्हर्जिनियात येऊन दोनच वर्षं झाली होती. कंपनीनं निवृत्त कामगार, खाणकामगारांच्या विधवा आणि अपंग झालेले लोक अशा सुमारे 1,500 जणांची वैद्यकीय मदत बंद केली होती. माणसं महिनोन्‌महिने रस्त्यावर बसली, बायका पुढे आल्या, हजारोंना अटक झाली, पण फेब्रुवारी 1990 मध्ये समझोता होईपर्यंत कुणी हटलं नाही. असा डबा घेऊन खाणीत उतरणारी माणसं ही. हक्काचं ते मागून घेणारी.

आणखी एक, जे मला लिहायला जड जातंय. 16 एप्रिल 2007 ला आमच्या कॅम्पसवर गोळीबार झाला. 32 जण मारले गेले. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती, मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते. कॅम्पसच्या मधल्या मोकळ्या मैदानावर, ड्रिलफील्डवर, मुलांनी 32 दगड अर्धवर्तुळात मांडले. करडा, खडबडीत, आमच्या सगळ्या इमारतींना असतो तोच दगड. मी तिथे उभा होतो आणि शेजारी कोण रडतंय हे मान वळवून बघायचीसुद्धा हिंमत होत नव्हती. त्या वर्षीचा हंगाम सुरू झाला तेव्हा फॉस्टरच्या डब्यात त्या 32 जणांची नावं होती. 1 सप्टेंबरला ईस्ट कॅरोलायनाशी पहिला सामना झाला, आम्ही 17-7 असा जिंकलो, आणि ती नावं मैदानाच्या कडेला होती.

त्या डब्याला "आईनं दिलेला जेवणाचा डबा" म्हणणाऱ्याला मी काय सांगू? निदान तो मेसेज पुढे ढकलू नका.

विजेतेपदाचं लवकर उरकतो. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत हा संघ एकदाच गेला, 1999च्या हंगामात. जानेवारी 2000 मधल्या त्या सामन्यात, शुगर बोलमध्ये, चारपैकी तीन डाव संपले तेव्हा आमची 29-28 अशी आघाडी होती आणि तरीही फ्लोरिडा स्टेटकडून 46-29 हरलो. 2014 मध्ये ओहायो स्टेटला त्यांच्याच घरी 35-21 हरवलं, त्या वर्षी विजेते ठरलेल्या त्या संघाची ती एकमेव हार. पण त्याच हंगामात वेक फॉरेस्टविरुद्ध फॉस्टरच्या फळीनं ठरलेल्या पूर्ण वेळात एकही गुण दिला नाही, तरी आमचेही शून्यच होते आणि जादा वेळेत 6-3 असा सामना गेला. निष्ठेनं विजेतेपद मिळतं असं ज्याला वाटतं त्यानं तो सामना बघावा.

राहिली "साहेब बदलले, निष्ठा बदलली नाही" ही ओळ. तीही अर्धीच खरी. ब्लॅक्सबर्गमधल्या 33 पैकी 29 हंगामांत त्याचा साहेब एकच होता, फ्रँक बीमर. दोघांचं नातं त्याच्याही आधीचं, मरी स्टेट विद्यापीठातलं. फॉस्टर तिथे खेळाडू होता आणि बीमर प्रशिक्षक. 1992 चा हंगाम वाईट गेला (2 विजय, 8 पराभव, 1 बरोबरी), बीमरनं सहायकांची फळी बदलली, पण फॉस्टरला ठेवलं. वर बसलेला माणूस असा सांभाळून घेणारा असेल तर कुणीही राहील. माझ्या भाच्याच्या सहा वर्षांत चार मॅनेजर बदललेत.

एक मात्र मान्य करायला हवं. 2015च्या अखेरीस बीमर निवृत्त झाला तेव्हा मुख्य प्रशिक्षकपद फॉस्टरला मिळालं नाही, बाहेरून जस्टिन फ्युएंटेला आणलं. फॉस्टर तरीही त्याच्या हाताखाली चार हंगाम राहिला आणि काम तसंच केलं. 23 नोव्हेंबर 2019 ला घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना होता. पिट्सबर्गला एकही गुण करू दिला नाही, 28-0. याला निष्ठा म्हणायचं असेल तर म्हणा, मी हरकत घेणार नाही. पण तो राहिला तो त्याचा स्वतःचा निर्णय होता. कुणी मेसेज पाठवून त्याला बसवून ठेवलं नव्हतं.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. डब्यातल्या नावांचं ऐकून ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मेसेज काढून टाकते. पण तू त्याला नोकरी सोड म्हणून सांगू नकोस हं."

सांगितलेलं नाही. शुक्रवारपर्यंत त्याला उत्तर द्यायचंय, ते तोच देईल.