नीतिमत्ता बसवून मिळेल

तुमचं ॲप तयार आहे. चाचण्या उरकल्या, लोगो ठरला, गुंतवणूकदार खूश आहेत. नेमक्या याच घडीला एखादा पत्रकार, नाहीतर मोठ्या ग्राहक कंपनीचा वकील विचारतो, "यात मानवी मूल्यांचा विचार कसा केलाय?" गडबडून जाऊ नका. विचार केला नसेल तरी केला होता असं दाखवायला आठवडाभर पुरतो. जाणती मंडळी हे काम लाँचच्या आदल्या आठवड्यातच घेतात. आधी घेतलं तर त्याचा परिणाम उत्पादनावर व्हायचा धोका असतो.

सुरुवात मूल्यांच्या निवेदनाने करा. यात नवं काही सुचायला हवं असं नाही. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीची जगभरातली अशी निवेदनं गोळा केली, ती ८४ भरली. पारदर्शकता त्यांपैकी ७३मध्ये होती. सगळ्या ८४मध्ये सापडेल असं तत्त्व मात्र एकही निघालं नाही. तेव्हा ८५वं लिहायला कोणाची हरकत नसावी. पारदर्शकता, न्याय, जबाबदारी, विश्वास अशी भारदस्त नामं घ्या आणि त्यांच्या आसपास कामाचं क्रियापद फिरकू देऊ नका. "आम्ही पारदर्शकतेला महत्त्व देतो" हे चालेल. "अर्ज फेटाळला तर कारण लेखी कळवू" हे चालणार नाही, कारण मग कोणीतरी खरंच कारण मागायला येतं. आणि काय करणार नाही याची यादी तर चुकूनही छापू नका. गूगलने २०१८च्या जूनमध्ये छापली होती: माणसांना इजा करणारी शस्त्रं बनवणार नाही, आंतरराष्ट्रीय संकेत मोडणारी पाळत ठेवणार नाही, वगैरे. २०२५च्या फेब्रुवारीत तो भाग काढून टाकला, तर काढलेलंही सगळ्या जगाला दिसलं. मुळात छापलाच नसता तर?

थोडं तत्त्वज्ञानही लागेल. सगळं वाचत बसू नका, तीन नावं पुरतात. प्रसंग पाहून त्यातलं एक काढायचं. नुकसान थोड्यांचं होत असेल तर बेंथम: जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख. (हे थोडे लोक दर वेळी तेच कसे असतात, असं बैठकीत विचारू नये.) नुकसान पुष्कळांचं होत असेल पण नियमाप्रमाणे होत असेल तर कान्ट: परिणामांकडे पाहायचं नाही, कर्तव्याकडे पाहायचं. आणि वापरणाऱ्याचं नुकसान त्याच्याच हातून होत असेल तर ॲरिस्टॉटल: ज्याचं त्याचं चारित्र्य, आपण काय करणार? सद्गुण सवयीने अंगी बाणतो, असंही त्याने सांगून ठेवलंय. सवयी लावण्यात तर तुमचा हात कोणी धरणार नाही. पूर्वी स्क्रीनवरचं पान तळाशी संपायचं. तिथे माणूस क्षणभर थांबायचा, 'पुढे' दाबावं की उठावं असं त्याच्या मनात यायचं. २००६ साली एझा रॅस्किन या डिझायनरने न संपणारं पान तयार केलं आणि तो क्षणच गेला. पुढे त्याने याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. तुम्हाला खंत करायचीच असेल तर नोकरी सोडल्यावर करा.

बैठकीत वेळ उरलाच तर ट्रॉलीचा प्रश्न घ्या. सुटलेली ट्रॉली रुळांवरच्या पाच माणसांकडे निघालीय, दुसऱ्या रुळावर वळवली तर एकच मरेल. बोला, काय कराल? ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली तत्त्वज्ञानातला एक मुद्दा तपासायला हे उदाहरण घेतलं, तेव्हा त्याचा आजच्या गाड्यांशी काही संबंध नव्हता. २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने चालकाविना चालणाऱ्या गाड्यांसाठी त्याचा ऑनलाइन खेळ केला: ब्रेक निकामी झालेत, म्हाताऱ्याला वाचवू की मुलाला? २३३ देश-प्रदेशांतून सुमारे ४ कोटी उत्तरं आली आणि २०१८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भांडायला इतका उत्तम प्रश्न दुसरा नाही. दोन तास कसे जातात कळत नाही, आणि तुमच्या उत्पादनाचा विषय निघत नाही.

कारण तो निघाला की पंचाईत होते. त्याच २०१८च्या मार्चमध्ये अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टेंपी शहरात, चाचणीवरच्या एका स्वयंचलित गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला धडक दिली. ती वाचली नाही. अधिकृत चौकशीत निघालं ते असं: गाडीला ती ५.६ सेकंद आधीच दिसली होती. सॉफ्टवेअरने तिला आधी वाहन ठरवलं, मग 'इतर', मग सायकल, मग पुन्हा 'इतर'. दर वेळी नाव बदललं की आधीची वाटचाल पुसली जायची, त्यामुळे ती कुठे निघालीय याचा अंदाज बांधताच येईना. आणि तिला पादचारी असं एकदाही म्हटलं गेलं नाही, कारण झेब्रा पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडेल याची त्या रचनेत सोयच नव्हती. एक की पाच, म्हातारा की मूल, यातलं काहीच तिथे उपस्थित झालं नाही. माणसं नियमाने ठरलेल्या जागीच चालतात एवढं कोणीतरी कधीतरी गृहीत धरलं होतं. ते कोणत्या बैठकीत ठरलं असेल? बहुधा कुठल्याच नाही. म्हणून म्हणतो, ट्रॉलीच बरी.

आता संमती. आपल्या धंद्यातली खरी कलाकुसर पाहायची असेल तर तत्त्वज्ञांना जरा बाजूला ठेवून, वेबसाइट उघडताच तुमचा माग ठेवायची परवानगी मागणारी कुकीजची पाटी नीट पाहा. 'सर्व स्वीकारा' हे बटण भरीव, गडद, अंगठा सहज पोचेल तिथे. नकार देण्याचं बटण नाहीच. आहे ती बारीक राखाडी अक्षरांतली ओळ, 'पसंती व्यवस्थापित करा'. ती दाबली की कळांची यादी उघडते. बऱ्याचशा बंद दिसतात, जीव भांड्यात पडतो. मग 'न्याय्य हितसंबंध' (म्हणजे संमती न घेताही माहिती वापरायचा कंपनीचा दावा) नावाची दुसरी घडी असते, ती उघडली तर आतल्या सगळ्या कळा चालू. एकेक बंद करत खाली यावं तर पुन्हा तेच गडद बटण, 'सर्व स्वीकारा', आणि त्याच्या शेजारी फिकट 'निवड जतन करा'. इथपर्यंत येऊन माणूस सवयीने गडद बटण दाबतो. झाली संमती! माणसाची स्वायत्तता अबाधित राहिली, कोणी बळजबरी केली नाही, आणि नोंदीत वेळेसकट 'होय' आलं. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेला मात्र हे पटेना. होकार एका टिचकीत आणि नकाराला अनेक टिचक्या, एवढ्यावरून तिने २०२२च्या जानेवारीत गूगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड ठोठावला. बटणांच्या रंगात आणि जागेत मूल्यं असतात हे अखेर कळलं कोणाला, तर दंड मोजणाऱ्यांना.

सवलत नाकारणाऱ्यासाठी 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं बटण ठेवायचीही पद्धत आहे. माणसाला त्याच्याच तोंडून स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायला लावायचं. ही मात्र मला जरा आचरट वाटते; संमती कशी शांतपणे घ्यावी. २०१२च्या जानेवारीत फेसबुकने ६,८९,००३ लोकांच्या फीडमधला आनंदी किंवा दुःखी मजकूर आठवडाभर कमी करून पाहिला, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात फरक पडतो का ते. २०१४ साली शोधनिबंध छापून आला आणि गदारोळ झाला. या लोकांना विचारलं होतं का? निबंधातच उत्तर होतं: खातं उघडताना त्यांनी कंपनीचं माहितीविषयक धोरण मान्य केलेलं आहे, तीच जाणीवपूर्वक दिलेली संमती. ज्याला कसली जाणीवच नव्हती त्याच्याकडून जाणीवपूर्वक संमती घेणं, याला म्हणतात डिझाइन.

न्यायाला थोडा जास्त वेळ द्या, कारण इथे गणित तुमच्या मदतीला येतं. अमेरिकेतल्या काही न्यायालयांत कॉम्पास नावाची प्रणाली आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याला १ ते १० गुण देते. २०१६ साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या एका काउंटीची आकडेवारी तपासली. पुढच्या दोन वर्षांत ज्यांनी काहीच केलं नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांवर जास्त धोक्याचा शिक्का बसला होता. तशाच गोऱ्यांमध्ये तो सुमारे २३ टक्क्यांवर होता. कंपनीने प्रतिवाद केला: आमच्या गुणांचा अर्थ दोन्ही गटांत सारखाच आहे, जास्त धोक्याच्या शिक्क्यातले साधारण तितकेच लोक दोन्हीकडे पुन्हा सापडतात. गंमत अशी की दोघांचीही आकडेमोड बरोबर होती. पुन्हा सापडण्याचं मूळ प्रमाणच दोन गटांत वेगळं असेल, तर भाकीत बिनचूक असल्याखेरीज हे दोन्ही सारखेपणा एकदम साधत नाहीत, हे लगोलग गणितानेच सिद्ध झालं. म्हणजे चुका होणारच, त्या कोणाच्या माथी मारायच्या एवढंच ठरवायचं उरतं: नाहक आत राहणाऱ्याच्या, की सोडलेल्या माणसाचा पुढे बळी ठरणाऱ्याच्या. शिवाय नोंद असते ती अटकेची, गुन्ह्याची नव्हे. आणि पोलिसांची गस्त जिथे जास्त तिथे अटकाही जास्त.

यावर तुम्ही काय करायचं? काही नाही. 'अल्गोरिदम तटस्थ आहे' म्हणायचं. किती गुणांपासून जास्त धोका धरायचा तो कट-ऑफचा आकडा एखाद्या सेटिंगच्या फाइलीत टाकायचा आणि त्याला तांत्रिक बाब म्हणायचं. ७च्या जागी ६ लिहिला तर किती माणसं या बाजूची त्या बाजूला जातात, यावर बैठक बोलवायची नाही. बैठक झाली की कोणीतरी ठरवलं असं होतं, आणि ठरवणाऱ्याला नाव असतं.

तंत्रज्ञानात मूल्यं बसवता येत नाहीत असं म्हणणारे निराशावादी भेटले तर त्यांना फोक्सवागेनचं उदाहरण द्या. २०१५ साली उघडकीला आलं की कंपनीच्या डिझेल गाड्यांना आपली परीक्षा चालू आहे हे ओळखता यायचं. स्टिअरिंग हलतंय का, वेग किती, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब काय, यावरून सॉफ्टवेअर अंदाज घ्यायचं आणि प्रयोगशाळेत गाडी अगदी सज्जनासारखी धूर गाळायची. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मान्य मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. कोणी पाहत असतानाच सदाचरण करायचं हे इतकं मानवी मूल्य यंत्रात इतक्या चोख उतरवलेलं दुसरं उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

एका बाईपासून मात्र सावध राहा. बात्या फ्रीडमन, सिएटलचं वॉशिंग्टन विद्यापीठ. १९९०च्या दशकापासून त्या सांगत आल्या आहेत की मूल्यांचा विचार रचनेच्या सुरुवातीपासून करावा, आणि नुसता वापरणाऱ्यांचा करून भागत नाही. जे कधीच वापरणार नाहीत पण ज्यांना परिणाम भोगावे लागतात त्यांचाही करावा. दाराच्या बेलमधला कॅमेरा घ्या. विकत घेतो घरमालक, आणि चित्रित होतात समोरचे शेजारी, त्यांची मुलं, पार्सल पोचवणारा. या लोकांनी कुठलीच अट मान्य केलेली नाही, त्यांना ॲपही उघडता येत नाही. त्यांना विचारायला गेलात तर लाँच पुढे जाईल हे उघड आहे. त्याऐवजी कार्यशाळा घ्या. रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवा, 'सहानुभूती' मधोमध, फोटो काढा. चिठ्ठ्या सफाईवाले काढतील.

मग समिती. नेमा, पण पाठीशी ताकद देऊ नका, आणि माणसं जरा जपून निवडा. गूगलने २०१९च्या मार्चअखेर आठ जणांचं बाह्य सल्लागार मंडळ जाहीर केलं. निवडीवरून कर्मचाऱ्यांनीच आवाज उठवला आणि ४ एप्रिलला ते गुंडाळलंसुद्धा. तुमच्या समितीची बैठक दर तिमाहीला ठेवा आणि उत्पादन दर पंधरवड्याला बदलत राहा. वरातीमागून घोडं येणारच, ते सजवलेलं असलं म्हणजे झालं.

हे सगळं नीट केलंत तरी एक अडचण येते. चमूतली कोणी नवी इंजिनिअर, अजून धंद्याची रीत न कळलेली, कोड तपासताना सरळ विचारते, "लोकेशन आपोआप चालू का ठेवलंय? हे कोणी ठरवलं?" तिला रागावू नका. काढून तर मुळीच टाकू नका, बाहेर जाऊन बोलेल. तिचं सगळ्यांसमोर कौतुक करा, असे प्रश्न विचारणारी माणसंच आपल्याला हवीत असं म्हणा, आणि पुढच्या महिन्यापासून पगारवाढ देऊन तिला नीतिमत्ता विभागाची प्रमुख करा. त्या विभागाला कोड बदलायची परवानगी नसते.