‘भंगार गळ्यात मारताय’ म्हणणाऱ्या सांगलीकर दादांना

सांगलीकर दादा, तुमच्या कॉमेंटखाली चार ओळी टाकून मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही मुद्दे असे काढलेत की त्यातला एक तरी नीट खोलून बोलायला पाहिजे, म्हणून हे लांबलचक.

ज्यांनी कॉमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या पोस्टमध्ये मी बेस गिटार वाजवणाऱ्या एका नव्या पोराला सांगितलं होतं की बाबा, तुला ते परदेशी कंपनीचं हलकं क्लास-डी हेड (म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्प, नव्या कमी वजनाच्या पद्धतीचा) मिळतंय, वॉरंटी संपलेलं, ते सोड आणि त्याच पैशात जुना ट्रान्सफॉर्मरवाला पंधरा इंची कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घे. त्यावर दादांचं म्हणणं असं, एक तर जग पुढं गेलंय आणि मी पोरांच्या गळ्यात भंगार मारतोय. दुसरं, मल्टिमीटर घेऊन लोकांच्या घरात शिरणं हा विकणाऱ्याचा अपमान आहे, कलाकार लोकांत विश्वास म्हणून काही असतंय की नाही. आणि तिसरं, मी स्वतःच जुनं घेऊन विकतो, त्यामुळं माझा सल्ला म्हणजे दलालाचा सल्ला. एवढं बोलून शेवटी विचारलंय की मुंबईतून असंच एक हेड तुम्हाला स्वतःला मिळतंय, घेऊ का नको. आधी शिव्या आणि मग सल्ला विचारायचा, हे मला लै आवडलं.

तिसऱ्यापासून सुरू करतो कारण ते लगेच संपतंय. होय, मी घेतो आणि विकतो. बिघडलेलं स्वस्तात घेतो, दुरुस्त करून घेतो, थोडं वाजवतो, विकतो, त्यात चार पैसे सुटतात, कधी सुटत पण नाहीत. विकताना काय काय बदललंय ते कागदावर लिहून देतो आणि काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून सोबत देतो, ह्यात लपवण्यासारखं काय आहे मला कळलं नाही. आणि ज्या कॉम्बोबद्दल मी त्या पोराला सांगितलं तो माझा नव्हताच, इचलकरंजीतल्या एकाचा होता, मला त्यात चहा सुद्धा सुटला नाही. दलाल म्हणायचंच असेल तर कमिशन तरी मिळू द्या की राव.

आता भंगाराचं बघू.

हलकी हेड वाईट असतात असं मी कुठंही लिहिलेलं नाही, पोस्ट परत वाचा. अडीच-तीन किलोचं डबडं, गिगबॅगच्या खिशात जातंय आणि पाचशे वॉट काढतंय, ह्याला नावं ठेवायला मी काय येडा आहे का. १९६९ साली अमेरिकेच्या अँपेग कंपनीनं एसव्हीटी नावाचा बेस ॲम्प काढला तेव्हा ३०० वॉटसाठी व्हॅक्यूम ट्यूबची रांग लावायला लागली, नुसतं हेडच चाळीस किलोच्या घरात, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट, ज्याला जगभरचे बेसवाले सरळ फ्रिज म्हणतात. ते जिन्यानं वर चढवून ज्याची कंबर गेलीय तो क्लास-डीच्या पाया पडणारच. वजनाच्या बाबतीत तुमचं शंभर टक्के बरोबर, वाद नाही.

पण मी त्या पोराला सांगताना वजन बघत नव्हतो. मी एवढंच बघत होतो की ही वस्तू बंद पडली तर ती कोल्हापुरात कोण चालू करून देणार. माझं म्हणणं असं आहे की जुन्या ॲम्पची किंमत पुढच्या पट्टीवरच्या नावानं ठरत नाही आणि तो नवा असताना केवढ्याला होता त्यावरून तर अजिबातच नाही, तो मेल्यावर तुमच्या गावात कितीला जिवंत होतोय त्यावरून ठरते. लोक हे बघतच नाहीत, नेटवर अमेरिकेतला रेट बघतात, त्याला डॉलरनं गुणतात आणि म्हणतात स्वस्त मिळालं.

जुन्या ट्रान्झिस्टर ॲम्पच्या आत काय असतंय बघा. एक मोठा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन जाड कपॅसिटर, हीटसिंकवर बसवलेले आउटपुट ट्रान्झिस्टर आणि पुढं टोन कंट्रोलचं छोटं बोर्ड. आता सांगा, डॉल्बीच्या ॲम्प्लिफायरमध्ये ह्याहून वेगळं काय असतंय? आणि आपल्याकडं डॉल्बी किती आणि ते दुरुस्त करणारे किती हे सांगलीकरांना मी काय सांगायचं. गणपती जवळ आले की ह्या लोकांच्या टेबलावर ठेवायला जागा नसते. त्यातल्या जाणत्या माणसाला ५२०० आणि १९४३ ह्या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी झोपेत बदलता येते, त्यानं बेस गिटार आयुष्यात बघितली नसली तरी काही बिघडत नाही. ट्रान्सफॉर्मर जळला तर स्टॅबिलायझर बनवणारा रिवाइंड करून देतो. स्पीकरची कॉइल गेली तर नवा कोन आणि कॉइल बसवून रिकोन होतो. फक्त दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवायचे. बाजारात डुप्लिकेट ५२०० भरपूर आहेत, हातात घेतल्यावर कळत नाहीत आणि पहिल्याच जोरदार प्रोग्रॅमला धूर काढतात, म्हणून कुठून आणलेत ते विचारायचं. आणि रिकोन करणाऱ्याला आधीच सांगायचं की हा बेसचा स्पीकर आहे, नाहीतर तो डॉल्बीच्या वूफरचा कडक कोन बसवून मोकळा होतो आणि मग तुमची वरची तार गप्प आणि खालची नुसती धबधब.

आता ते हलकं हेड. आत एसएमपीएस (मोठ्या ट्रान्सफॉर्मरऐवजी हलका स्विचिंग सप्लाय) आणि क्लास-डी ॲम्प, बऱ्याचदा दोन्ही एकाच मॉड्यूलवर, आणि कित्येक कंपन्या ते मॉड्यूल स्वतः बनवतच नाहीत, डेन्मार्कच्या आईसपॉवरसारख्यांकडून तयार घेऊन आपल्या डब्यात बसवतात. पार्ट सगळे बारीक एसएमडी (बोर्डावर थेट डकवलेले), सर्किट डायग्राम सहसा बाहेर मिळत नाही, आणि मॉड्यूल गेलं की सर्व्हिस सेंटरवाले सुद्धा दुरुस्त करत बसत नाहीत, अख्खं बदलतात. वॉरंटीत आहे तोवर ह्यासारखं सुख नाही. पण वॉरंटी संपलेली, बिल हरवलेलं, मॉडेल बंद झालेलं, आणि घेणारा पोरगा वर्षभर पैसे साठवून एकदाच घेणार, मग मी त्याला काय सांगू? मॉड्यूल बाहेरून मागवलं तर ते आणि त्यावरचं कस्टम मिळून कधी कधी हेडच्याच किमतीला जातंय.

शिवाय हेड एकटं वाजत नाही हो. त्याला कॅबिनेट लागतंय. ह्या भागात सेकंड हँड बेस कॅबिनेट शोधून दाखवा मला, मग लोक डॉल्बीचा टॉप (वरचा स्पीकर) जोडतात आणि म्हणतात आवाज पातळ येतोय. बेसची खालची ई साधारण ४१ हर्ट्झला असते, ती नीट ऐकू येण्यासाठी स्पीकर आणि पेटी दोन्ही त्याच कामाची लागतात. कॉम्बोत ते आयतं असतंय.

आणि पाचशे वॉटचं कौतुक थोडं कमी करा. वॉट दुप्पट केले की ३ डीबी वाढतात, फक्त ३. शंभराचे पाचशे केले तर सात. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात, म्हणजे पाचशे वॉट हे शंभराच्या दुप्पट सुद्धा वाटत नाहीत. ते पोरगं ऑर्केस्ट्रात वाजवतंय, तिथं साउंडवाला डीआय (गिटारचा सिग्नल मिक्सरला जोडणारा छोटा डबा) लावून बेस थेट मिक्सरमध्ये घेतो, स्टेजवरचा ॲम्प फक्त त्याला स्वतःला आणि ड्रमरला ऐकू यायला. घरी तर रात्री दहानंतर पाच वॉटला पण शेजारचे काका दार वाजवतात.

बरं, मल्टिमीटर. दादा, तुमच्या शेजारी मिरजेत पिढ्यानपिढ्या सतारी-तंबोरे बनतात. तिथं जुना तंबोरा कुणी जवारी ऐकल्याशिवाय, भोपळ्याला चीर आहे का ते हात फिरवून बघितल्याशिवाय घेतो का? आणि कारागिराला त्याचा राग येतो का? मग ॲम्पलाच कसला अपमान.

मी काय करतो ते सांगतो म्हणजे तुम्हीच ठरवा. राजारामपुरीत एका घरी गेलो होतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कॉम्बो जुना पण ठेवलेला नीट. विकणारा फोनवरच म्हणाला होता की आवाज बारीक झालाय, मध्येच जातोय, पॉवर सेक्शन गेलाय असं कुणीतरी सांगितलंय, म्हणून भंगाराच्या भावात देतोय. आधी बंद असतानाच स्पीकरच्या कोनवर दोन्ही हातांची बोटं गोलाकार सारखी टेकवून हळू आत दाबला, सारखाच आत-बाहेर गेला, खरखर नाही, म्हणजे कॉइल घासत नाही. एका बाजूनं दाबायचं नाही हां, चांगला असला तरी घासतोय असं वाटतंय. मग स्पीकरची एक वायर काढून मीटर लावला, सहाच्या आसपास ओहम. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर आठ दाखवत नाही, सहाच्या जवळपासच दाखवतो, ते बरोबर आहे, लोक उगाच त्यावरून भांडतात. वायर परत लावली, चालू केला, खालची ई मोकळी वाजवली, आवाज खरंच बारीक. पॉट (नॉब) फिरवले, थोडी करकर, ती क्लीनरनं जाते.

मग मागं बाहेरचे इफेक्ट जोडायची सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं होती त्यात एक छोटी पॅच केबल लावली, सेंडमधून रिटर्नमध्ये. आणि खिडकीच्या काचा वाजायला लागल्या.

झालं होतं असं की रिटर्नच्या जॅकमध्ये एक पत्तीचा स्विच असतो, काही लावलेलं नसताना सिग्नल त्या पत्तीतूनच पुढं जातो. आपल्याकडं चार महिने पावसाची दमट हवा, त्यात वर्षानुवर्षं कुणी तिथं काही खुपसलेलं नाही, पत्तीवर गंज धरतो आणि सिग्नल अडतो. पॉवर सेक्शनला काहीही झालेलं नव्हतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, दहा-बारा वेळा केबलची पिन आत-बाहेर करायची, विषय संपला. आता तुमच्या हिशोबानं दलाल असतो तर केबल गुपचूप काढून घेतली असती आणि भंगाराच्या भावात उचलून नेला असता. मी त्याच्यासमोरच करून दाखवलं, त्यानं लगेच विकायचंच रद्द केलं, त्याच्या आईनं पोहे खायला घातले आणि मी रिकाम्या हातानं तीन मजले उतरलो. मीटर फक्त ॲम्प घेणाऱ्याच्याच कामाचा असतो असं नाही, दादा.

एका बाबतीत मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. प्लगची अर्थिंगची पिन मोडलेली दिसली की मी गिटार सुद्धा लावत नाही. हमिंग येतंय म्हणून पिन काढून टाकणारे महाभाग स्टेजवर अजून आहेत, आणि मग तारेवर हात ठेवून माईकला ओठ लावला की शॉक बसून कळतंय. हमिंग केबलचं असेल, कोरड्या पडलेल्या कपॅसिटरचं असेल, ते शोधा, अर्थिंगला हात लावू नका.

आता तुमचं मुंबईचं हेड. तुम्ही लिहिलंय की मोटारसायकलवरून प्रॅक्टिसला जाता, प्रॅक्टिसच्या जागेवर चार ओहमचं कॅबिनेट आधीच आहे आणि घरी एक चालू ॲम्प पण आहे. मग घ्या की! त्या पोराची गोष्ट वेगळी होती, त्याच्याकडं दुसरं काहीच नव्हतं. तुमचं बंद पडलं तरी तुमचा प्रोग्रॅम अडत नाही.

फक्त पैसे पाठवायच्या आधी मागच्या पट्टीचा स्वच्छ फोटो मागा. त्यावर २३० व्होल्ट लिहिलंय का बघा. एसएमपीएस आहे म्हणजे कुठल्याही व्होल्टला चालणार असं सगळे समजतात, तसं नसतंय, काही मॉडेलना आत वेगळं सेटिंग असतंय आणि अमेरिकेतून कुणी बॅगेतून आणलेलं १२० चं हेड आपल्या प्लगला लावलं की एका सेकंदात खेळ खलास. जपानचं असेल तर १०० व्होल्ट, त्याला १२० चा स्टेपडाऊन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) पण चालवू नका. त्याच पट्टीवर कमीत कमी किती ओहम ते लिहिलेलं असतंय, चार असेल तर तुमच्या कॅबिनेटला दुसरं जोडायचं नाही. आणि स्पीकरला स्पीकरचीच केबल, गिटारची नाही.

व्हिडिओ मागा, पण तुकडे जोडलेला नको. सिरीयल नंबर दाखवून, बंदचं चालू करून, प्रत्येक नॉब शून्यापासून शेवटपर्यंत फिरवत, एका दमात काढलेला. निदान वीस मिनिटं वाजल्यावर परत एक, कारण कित्येक बिघाड गरम झाल्यावरच बाहेर येतात. नाही म्हणाला तर सोडून द्या. भावाची घासाघीस करायच्या आधी त्या मॉडेलचं मॉड्यूल भारतात मिळतंय का आणि केवढ्याला ते कंपनीच्या सर्व्हिसला मेल करून विचारा, उत्तरच आलं नाही तर ते पण उत्तरच समजा आणि रेट तसा पाडून मागा.

आणि ट्रॅव्हल्सनं पार्सल मागवणार असाल तर विकणाऱ्याला सांगा की नॉबच्या बाजूला थर्माकोल जाड लावायचा, टपावर नको, डिकीत टाकायला सांगायचं. उतरवून घेताना खोका तिथंच उघडा, क्लीनर झोपेत असला आणि ड्रायव्हर हॉर्न मारत असला तरी. फोटो काढा, मग सही.